कुणाची गं तू?

सिनेमा संपता संपताचा प्रसंग आहे. वाळवंटातलं ओसाड पडलेलं घर, आकाशात दोन सूर्य, आणि एक तरुण मुलगी तिथं एकटीच आलेली. वाटेनं चाललेली एक म्हातारी थांबते. म्हणते, इथं कितीतरी दिवसांत कुणी फिरकलं नाही, तू कोण? मुलगी सांगते, रे. म्हातारीचं तेवढ्यावर भागत नाही. रे म्हणजे कोण रे? पुढचं नाव काय?

मला अंधारात हसूच आलं. सिनेमा अमेरिकेतला, ग्रह कुठला तर टॅटूईन, आणि म्हातारी मात्र अगदी आमच्या बस्तीतली! बस्तीत नवी मुलगी दर्शनाला आली की ओट्यावर बसलेल्या आज्ज्या हेच विचारतात. ‘कुणाची गं तू? कुणाच्यातली?’ मुलीनं आपलं नाव सांगितलं तर ते त्यांच्या कानावरून जातं. आडनाव, गाव, आजोळ, सगळं निघाल्यावर मग त्यांचा जीव भांड्यात पडतो, ‘हां, म्हणजे अमक्यांची नात होय!’ आमच्या बेळगाव भागात तर निम्मी घरं पाटलांची, म्हणून नुसत्या आडनावानंही भागत नाही. कोणते पाटील तेही सांगावं लागतं.

मी हसत होते, पण शेजारी बसलेली माझी मुलगी हसत नव्हती. पडद्यावरच्या मुलीनं म्हातारीला उत्तर दिलं, ‘रे स्कायवॉकर’. संगीत चढलं, नावं सुरू झाली, लोक उठले. ही बसूनच. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, ‘आई, तिला पण आडनाव लागलंच की शेवटी.’

२०१९ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ हा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला नववा आणि शेवटचा भाग. जगभर या सिनेमावरून चाहते चिडले, रुसले, भांडले. बारा महिने तेरा काळ तेच बघणाऱ्यांचं रुसणं आपण का मनावर घ्यायचं, असं कुणी म्हणेल. मीही तसंच म्हटलं असतं. पण पोरीच्या त्या एका वाक्यानं मला विचार करायला लावलं. ती सिनेमा वाईट निघाला म्हणून रुसली नव्हती. तिला कुणीतरी दिलेला शब्द मागं घेतला होता.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज ल्यूकस या दिग्दर्शकानं १९७७ साली पहिला ‘स्टार वॉर्स’ काढला. दूरच्या आकाशगंगेत एक जुलमी साम्राज्य, त्याच्याविरुद्ध लढणारे बंडखोर, आणि सगळ्या सृष्टीत भरून राहिलेली ‘फोर्स’ नावाची शक्ती. ती साधणारे जेडाय, म्हणजे योद्धेही आणि विरक्तही. शेतावर वाढलेला ल्यूक स्कायवॉकर आणि राजकन्या लेया हे नायक-नायिका. १९८३ पर्यंत तीन भाग झाले. ज्या काळ्या मुखवट्याच्या डार्थ व्हेडरशी ल्यूक लढतो, तो त्याचा बापच निघतो आणि लेया बहीण निघते. मग १९९९ ते २००५ मध्ये बापाची आधीची कथा सांगणारे तीन. नंतर २०१२ साली डिस्नेनं ल्यूकस यांची कंपनी चारशे कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून घेतली आणि २०१५, २०१७, २०१९ असे आणखी तीन काढले. बेचाळीस वर्षांत नऊ सिनेमे. आजोबांनी पाहिलेली गोष्ट नातवंडांनी संपताना पाहिली, असं फार थोड्या गोष्टींच्या नशिबी येतं.

शेवटच्या तीन सिनेमांची नायिका ही रे. (आमच्या सासूबाईंना हे नाव कधी पटलं नाही. ‘पोरीला रे काय हाक मारता, गं म्हणा की!’) भंगार वेचून पोट भरणारी मुलगी. आईबापांनी लहानपणीच टाकून दिलेली. ते परत येतील म्हणून भिंतीवर एकेका दिवसाची रेघ ओढत बसलेली. तिच्यात ती शक्ती जागी होते आणि चाहत्यांना एकच ध्यास लागतो. ही नक्की कुणाची? ल्यूकची? लेयाची? एवढं तेज आहे म्हणजे मोठ्या घरचीच असणार! दोन वर्षं जगभरची शहाणी माणसं त्या पोरीची वंशावळ काढत बसली होती.

२०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी त्याला जे उत्तर दिलं ते मला आजही धाडसाचं वाटतं. रे एका गुहेत शिरते आणि आपले आईबाप दाखव म्हणून विनवते. समोरच्या धुरकट भिंतीत दोन सावल्या जवळ येतात, एक होतात, आणि दिसते ती स्वतःच. पुढं तिला सांगितलं जातं, तुझे आईबाप कुणीच नव्हते. दारूच्या पैशांसाठी पोर विकणारी साधी भंगारवाली माणसं होती ती. बस्स. त्याच सिनेमाच्या शेवटी घोड्यासारख्या जनावरांच्या तबेल्यात झाडलोट करणारा एक पोरका मुलगा हात लांब करतो आणि झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. म्हणजे ही शक्ती कुणा एका घराण्याची मिरास नाही. ती तबेल्यातल्या पोरातही आहे, भंगार वेचणारीतही आहे.

तेव्हा माझी मुलगी पंधरा वर्षांची होती. त्या वयात मुलींना सारखं कुणाची तरी कुणीतरी व्हावं लागतं. अमक्यांची मुलगी, तमक्यांची बहीण, उद्या आणखी कुणाची सून. तिला ही गुहेतली मुलगी एवढी का आवडली, हे मला त्या वेळी कळलं नव्हतं. नंतर कळलं.

आता शेवटच्या भागात काय केलं ते बघा. छत्तीस वर्षांपूर्वी मरण पावलेला सम्राट पॅल्पटीन परत आला. कसा, ते कुणी धड सांगत नाही. एक पात्र ‘कसा कोण जाणे, पण आला’ अशा अर्थाचं बोलतं आणि गोष्ट पुढं निघते. एवढंच नाही, रे त्याची नात निघाली. म्हणजे तेज होतं ते तिचं नव्हतंच, आजोबांच्या रक्ताचं होतं! आणि मग सगळा सिनेमाभर ती पोर आजोबाच्या पापाला भीत फिरते. आपणही तशाच होऊ की काय, या धास्तीनं रात्रंदिवस पोखरलेली.

हे असं का झालं असावं? पहिली गोष्ट ही की तिन्ही सिनेमांचा आराखडा आधी कुणी पक्का केलेला दिसत नाही. पहिला भाग जे. जे. एब्रम्स यांचा, दुसरा जॉन्सन यांचा. तिसऱ्यासाठी नेमलेले कॉलिन ट्रेव्होरो २०१७ साली बाजूला झाले आणि काम पुन्हा एब्रम्स यांच्याकडं आलं. रेचं काम करणाऱ्या डेझी रिडली यांनी पुढं एका मुलाखतीत सांगितलं की रे कुणाची, हे उत्तर चित्रीकरण चालू असतानाही बदलत होतं. पायाच ठरलेला नाही आणि वर तीन मजले चढवले.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्या भागावर चाहत्यांतला एक गट फार खवळला होता. त्यांचा लाडका ल्यूक म्हातारा, कडवट झालेला दाखवला. हातात दिलेली तलवार त्यानं खांद्यावरून मागं भिरकावून दिली, हे त्यांना सहन झालं नाही. काहींचा राग तर फार खालच्या पातळीला गेला. रोझ टिको नावाची एक साधी यंत्रदुरुस्ती करणारी मुलगी दुसऱ्या भागात होती. ते काम करणाऱ्या व्हिएतनामी वंशाच्या केली मरी ट्रॅन हिला इंटरनेटवर एवढी शिवीगाळ झाली की २०१८ मध्ये तिनं आपलं इन्स्टाग्राम पान पुसून टाकलं.

शेवटचा सिनेमा या रागावलेल्या मंडळींची समजूत घालायला बसला. आपल्याकडच्या लग्नात मानपानावरून रुसलेल्या पाहुण्यांची घालतात ना, अगदी तशी. रे तलवार फेकते तेव्हा ल्यूकचा आत्मा ती झेलतो आणि शस्त्राचा मान राखावा असं सुनावतो. घ्या, तुमच्या तलवारीचा मान झाला. १९७७ च्या सिनेमात केसाळ चुबाकाला पदक मिळालं नव्हतं, ते आता मिळालं. तोही मान झाला. आणि रोझ? तिचं काम अडीच तासांच्या सिनेमात मिनिटभराच्या थोडं वर. तिला बाकी सगळे निघाले असताना तळावर थांबायला सांगितलं. एका मुलीला शिव्या घालून हुसकावणाऱ्यांना यातून काय कळलं असेल, याचा विचार कुणी केला का? मानपान सगळ्यांचं झालं, आणि नवरीला काय हवं हे विचारायचं राहून गेलं, अशातली गत. शेवटी रुसलेले पाहुणेही पुरते खूश झाले नाहीत. २०१५ च्या भागानं जगभरात दोनशे कोटी डॉलरच्या वर कमाई केली होती, या शेवटच्या भागाची शंभर कोटींच्या थोडी वर गेली. पैसा बुडाला नाही, पण निम्म्यावर आला.

मला मात्र या सगळ्यात खटकतो तो आजोबा.

आपल्या घराघरांत पुराण वाचलं जातं. त्यात एका नातवाची गोष्ट आहे. मरीची. आजोबा कोण, तर पहिले तीर्थंकर आदिनाथ. वडील भरत चक्रवर्ती. याहून मोठं कूळ तिन्ही लोकांत सापडायचं नाही. त्यानं आजोबांबरोबर दीक्षाही घेतली. पण परीषह सोसवेनात, म्हणून वाट सोडली, आपला वेगळाच पंथ काढला आणि असंख्य भव भटकत राहिला. आजोबांचं तीर्थंकरपण नातवाच्या कामी आलं नाही. पुढं तोच जीव सिंहाच्या जन्मात असताना मुनींच्या उपदेशानं जागा झाला, आणि भवामागून भव स्वतः चढत चढत महावीर झाला. तेव्हाही आजोबांच्या पुण्याईनं नाही, स्वतःच्या पुरुषार्थानं. आपल्याकडं आठ मद सांगितले आहेत, त्यात कुळाचा मद आणि जातीचा मद वेगवेगळे सांगितले आहेत. दोन्हींपासून सावध राहा म्हणून बजावलं आहे.

आता हे उलटं लावून बघा. आजोबांचं पुण्य नातवाला तारत नसेल, तर आजोबांचं पाप नातीला कसं बुडवेल? ज्याचं कर्म त्यालाच. ते बिऱ्हाडातल्या भांड्यांसारखं वारसानं येत नाही. एवढी साधी गोष्ट स्वाध्यायाला बसणारी कुठलीही बाई सांगेल. ‘द लास्ट जेडाय’ आपल्या परीनं हेच सांगत होता आणि पुढचा सिनेमा पुन्हा रक्ताकडं वळला. रे वाईट कुळातली असूनही चांगली निघाली, असं त्याचं म्हणणं. त्या ‘असूनही’तच सगळी मेख आहे. चांगल्या कुळातली असती तर आश्चर्य नव्हतं, असाच त्याचा अर्थ ना? आपल्याकडं स्थळ बघताना हेच ‘असूनही’ किती पोरींच्या वाट्याला येतं, ते मी इथं नव्यानं सांगायला नको.

सिनेमाची बाजू घेणारे म्हणतात, अहो, पण शेवटी ती आजोबाचं नाव टाकतेच की. ज्यांनी माया केली, शिकवलं, त्या ल्यूक-लेयाचं नाव ती स्वतः निवडते. निवडलेलं नातं रक्तापेक्षा मोठं, हाच तर संदेश आहे. हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. दत्तक गेलेल्यांना, सावत्र आईनं वाढवलेल्यांना त्या प्रसंगात रडू आलं असेल तर ते खोटं नाही. पण नाव निवडायचं तर ते कुठून आलं हे तरी बघा. स्कायवॉकर हे मुळात एका गुलाम बाईचं नाव. ल्यूकची आजी श्मी. नवरा नाही, बाजारात विकली गेलेली, मालकाच्या घरी राबणारी. तिचा मुलगा पुढं डार्थ व्हेडर झाला. ती सुटल्यावर ज्या शेतकऱ्याच्या घरी नांदली, तेच हे वाळवंटातलं घर. तिला मातीही याच अंगणात दिली. या मालिकेतलं सगळ्यात थोर घराणं एका दासीच्या झोपडीतून निघालं आहे! म्हातारीनं नाव विचारलं तेव्हा सिनेमाला ही आजी आठवायला हवी होती. तिचा उच्चारही नाही. रे तिथं पुरते ती ल्यूकची आणि लेयाची तलवार. ल्यूकला तर त्या घरातून कधी एकदा सुटतो असं झालेलं होतं. लेयाचं टॅटूईनशी नातं एवढंच की तिथं जब्बा नावाच्या गुंडानं तिला साखळीनं बांधून ठेवलं होतं, आणि तिनं त्याच साखळीनं त्याचा गळा आवळला होता. तिची निशाणी पुरायला दुसरी जागाच सापडली नाही?

आणखी एक. या सिनेमात काहीही झालेलं टिकत नाही. चुबाका मेला म्हणून आपण हळहळतो, थोड्या वेळानं तो जिवंत. यंत्रमानव थ्रीपिओ मित्रांना अखेरचं डोळे भरून बघतो आणि स्मृती पुसून घेतो. किती चांगला प्रसंग! पण पुढं स्मृतीही परत. रे मरते, परत उठते. केलेलं भोगावं लागतं, यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांना असल्या गोष्टीत जीव गुंतवणं जड जातं. लेयाचा मुलगा बेन बापाचा खून करून बसलेला. तो बदलतो आणि लगेच रेसाठी प्राण देऊन नाहीसा होतो. बदलला हे चांगलंच झालं. आपला अंजन चोरही एका क्षणात पालटला. पण पालटल्यावर त्यानं दीक्षा घेतली, तप केलं, मग त्याला मोक्ष मिळाला. बेनला केलेलं निस्तरायला एक दिवसही दिला नाही. मरण हीच शिक्षा आणि मरण हीच सुटका. लिहिणाऱ्याला सोपं गेलं.

सगळंच टाकाऊ आहे असं मात्र म्हणवत नाही. लेयाचं काम करणाऱ्या कॅरी फिशर २०१६ च्या डिसेंबरात गेल्या. त्यांची आधीच्या सिनेमात न वापरलेली दृश्यं घेऊन, त्याभोवती संवाद बेतून लेया उभी केली आहे. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात तसं. टाके दिसतात, पण ऊबही लागते. नऊही सिनेमांचं संगीत जॉन विल्यम्स या एकाच माणसाचं, ते शेवटपर्यंत उणं पडत नाही. आणि एक प्रसंग तर मला फारच आवडला. बंडखोर हरत आले असताना आकाशात हजारो जहाजं येतात. शत्रूचा अधिकारी विचारतो, यांच्याकडं एवढं आरमार आलं कुठून? हाताखालचा सांगतो, आरमार नाही साहेब, नुसती माणसं आहेत. बिननावाची, बिनघराण्याची. त्या क्षणाला सिनेमाला आपली खरी गोष्ट सापडली होती. पण पुढच्या पाच मिनिटांत तो पुन्हा आजोबा-नातीकडं वळला.

म्हणून मी चाहत्यांच्या रुसण्याला आता हसत नाही. लाडावलेली पोरं खेळणं मोडलं म्हणून रडतात, तसं काहींचं असेलही. पण पुष्कळ मुलींचं दुःख वेगळं होतं. तू कुणाचीच नसलीस तरी तू आहेस, असं एका मोठ्या गोष्टीनं त्यांना सांगितलं होतं, आणि दोन वर्षांनी तीच गोष्ट म्हणाली, छे छे, असं कसं, आडनाव तर लागतंच.

मुलीबरोबर मी हा सिनेमा नंतर घरी परत पाहिला. तेव्हा मधला एक प्रसंग ध्यानात आला, जो पहिल्या वेळी निसटला होता. वाळवंटातल्या एका जत्रेत परक्या लोकांतली एक मुलगी रेच्या गळ्यात माळ घालते आणि नाव विचारते. रे सांगते. ती म्हणते, आणि घराण्याचं नाव? रे म्हणते, घराणं नाही मला, मी नुसती रे.

मुलीनं तिथंच सिनेमा थांबवला. म्हणाली, ‘बघ आई, हिला उत्तर येत होतं.’